धर्म, भाषा आणि प्रसार : सांस्कृतिक भूगोलाची तोंडओळख

भूगोल म्हटले की पर्वत, नद्या, पर्जन्यमान आणि पिके आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु माणूस ज्या भूमीवर राहतो ती तो जशीच्या तशी ठेवीत नाही. तो तिला नावे देतो, तिच्यावर देवालये उभारतो, वाड्या लावतो, बांध घालतो आणि तेथे आपल्या बोलीत जगतो. माणसाच्या या साऱ्या व्यवहाराचा स्थळाच्या अंगाने अभ्यास करणाऱ्या शाखेस सांस्कृतिक भूगोल असे म्हणतात. कोणती भाषा कोठे बोलली जाते, कोणता धर्म कोणत्या वाटेने कोठवर पोहोचला, एखादी प्रथा एका गावात रुजली आणि दुसऱ्या गावात का रुजली नाही, हे या शाखेचे प्रश्न होत.

हे प्रश्न आपणांस दूरचे नाहीत. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन अस्तित्वात आलेला आपला वसई धर्मप्रांत ज्या उत्तर कोकणात वसलेला आहे, तेथे या शाखेच्या जवळजवळ प्रत्येक संकल्पनेचे उदाहरण सापडते. म्हणून या लेखात आम्ही प्रमुख संकल्पनांचा परिचय शक्यतो आपल्याच परिसराच्या आधारे करून देत आहोत. त्यातून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी यावी अशी आमची इच्छा आहे. धर्म प्रवास करून येतो. मात्र तो टिकतो तो भाषेच्या आधाराने.

सांस्कृतिक भूदृश्य

अमेरिकन भूगोलतज्ज्ञ कार्ल सॉअर यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात 'सांस्कृतिक भूदृश्य' ही कल्पना मांडली. निसर्गाने दिलेली भूमी हे माध्यम, संस्कृती ही घडविणारी शक्ती आणि आपणांस दिसणारे भूदृश्य हे त्यांच्या संयोगाचे फळ, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातून फेरफटका मारला तर हे भूदृश्य वाचता येते. केळीच्या व पानवेलींच्या वाड्या, विहिरी आणि बावखले, रस्त्याच्या तिठ्यावरील क्रूस, चर्चचे मनोरे, देवळांचे कळस आणि समुद्राच्या कडेला वसलेले कोळीवाडे यांपैकी प्रत्येक खूण कोणीतरी, केव्हातरी, काही कारणाने तेथे ठेवलेली आहे. निर्मळ येथे शंकराचार्यांचे समाधिस्थान आणि होली क्रॉस चर्च एकाच गावाच्या परिसरात आहेत. कार्तिकातील यात्रा आणि चर्चचा सण हे दोन्ही त्या एका गावाचे आहेत. एकाच भूमीवर श्रद्धांचे असे अनेक थर परस्परांशेजारी नांदत असतात. भूदृश्याचे वाचन म्हणजे हे थर ओळखणे होय.

उगमकेंद्र आणि प्रसार

एखादी कल्पना, वस्तू वा श्रद्धा जेथे प्रथम आकारास येते त्या प्रदेशास उगमकेंद्र म्हणतात आणि तेथून ती इतरत्र पोहोचण्याच्या क्रियेस प्रसार म्हणतात. स्वीडिश भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात शेतकऱ्यांमध्ये नव्या पद्धती कशा पसरतात हे तपासले. शेजाऱ्याने स्वीकारलेली गोष्ट माणूस लवकर स्वीकारतो, आणि अंतर वाढत जाईल तसा हा प्रभाव क्षीण होत जातो, असे त्यांना आढळले. प्रसाराचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे सांगितले जातात.

*स्थलांतराद्वारे प्रसार.* माणसे गाव सोडतात व आपली भाषा, धर्म आणि चालीरीती बरोबर नेतात. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या कॅथलिक कुटुंबांनी कोकणी भाषा तेथवर नेली. नोकरीनिमित्त मुंबईस आलेल्या गोवेकरांनी गावोगावच्या नावाने 'कूड' स्थापन केले. गोव्याचा म्हणून ओळखला जाणारा कोकणी तियात्र प्रथम रंगमंचावर आला तो १८९२ साली मुंबईतच. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे आजही गणेशोत्सव साजरा करतात.

*सान्निध्याने प्रसार.* येथे माणूस आपल्या जागी राहतो आणि कल्पना शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे जाते. आरंभीच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांतून भरणाऱ्या उपासनेच्या मंडळ्या हे याचे उदाहरण होय.

*श्रेणीबद्ध प्रसार.* कल्पना प्रथम मोठ्या शहरांत पोहोचते आणि तेथून लहान गावांत उतरते. संत पौलाच्या प्रवासाचा नकाशा पाहावा. अंत्युखिया, फिलिप्पै, करिंथ, इफिस आणि अखेर रोम ही सारी त्या काळातील राजमार्गांवरील वा बंदरांजवळील नगरे होती. त्यामुळे रोमन साम्राज्यातील खेडी दीर्घकाळ जुन्या दैवतांशी निष्ठावंत राहिली. मूळ 'खेडूत' असा अर्थ असलेला 'पेगानुस' हा लॅटिन शब्द पुढे 'ख्रिस्तेतर' या अर्थाने रूढ झाला.

*प्रेरणारूप प्रसार.* येथे मूळ वस्तू जशीच्या तशी येत नाही. तिची कल्पना येते आणि स्थानिक साधनांनी नवे रूप धारण करते. पोर्तुगीजांबरोबर आंबवलेल्या पिठाच्या भाकरीची कल्पना गोव्यात आली. युरोपातील खमीर येथे सहज मिळत नव्हते. तेव्हा माडाच्या सुरेने पीठ आंबविण्यात आले आणि पाव तयार झाला. त्याच पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे दक्षिण अमेरिकेतील बटाटा व मिरची आपल्याकडे आली. आज ज्यास आपण अस्सल मुंबईचा वडापाव म्हणतो त्यात तीन खंडांचा भूगोल एकत्र आलेला आहे.

उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर

प्रसाराला वाट लागते, आणि आपल्या किनाऱ्याला ती समुद्राने दिली. सोपारा हे प्राचीन बंदर होते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष तेथे सापडले असून १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. व्यापारी मार्गावरील बंदर हे धर्मप्रसाराचेही ठाणे असते, याची ही साक्ष होय. अशोकाने धर्मलेखांसाठी लोकांना समजणारी प्राकृत भाषा योजली, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

ख्रिस्ती धर्माचा या किनाऱ्याशी संबंधही पोर्तुगीजांच्या पूर्वीचा आहे. सहाव्या शतकातील कॉस्मास या ग्रीक प्रवासलेखकाने 'कॅलियाना' येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. अनेक अभ्यासक हे ठिकाण आपले कल्याण असल्याचे मानतात. १३२१ साली ठाणे येथे टोलेंटिनोचे थॉमस, पदुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री या चार फ्रान्सिस्कन बंधूंना हौतात्म्य प्राप्त झाले. पुढे पोर्डेनोनचे ओडोरिक यांनी त्यांचे अवशेष चीनपर्यंत नेले. चीनकडे जाणारे हे मिशनरी वाटेत ठाण्यास थांबले होते. प्रसाराच्या मार्गावरील मुक्काम ही या शाखेतील संकल्पना येथे प्रत्यक्ष दिसते.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतरच्या दोन शतकांत येथे चर्चेस उभी राहिली आणि गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधू म्हणून मिशनरींचे दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते हुतात्मा झाले. १८६२ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. ज्या किनाऱ्यावर धर्म बाहेरून आला त्याच किनाऱ्यावरून तो पुढेही गेला, आणि जाताना दुसऱ्याची भाषा शिकून गेला.

भाषा, बोली आणि सीमारेषा

भाषेच्या भूगोलात प्रमाणभाषा, बोली आणि संपर्कभाषा असे भेद करतात. बोली म्हणजे अशुद्ध भाषा नव्हे. एखाद्या प्रदेशाने वा समाजाने घडविलेले ते भाषेचे रूप असते. भिन्न भाषा बोलणारे लोक परस्परांशी ज्या भाषेत व्यवहार करतात ती संपर्कभाषा होय. प्रभू येशू ज्यांच्यात वावरला ते लोक अरामी बोलत. परंतु नवा करार लिहिला गेला तो भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशाची संपर्कभाषा असलेल्या ग्रीकमध्ये. शुभवर्तमानाचा प्रसार वेगाने होण्याचे हे एक मोठे कारण होते.

एखादा शब्द जेथवर वापरला जातो त्याची सीमा नकाशावर रेषेने दाखविता येते. तिला शब्दसीमारेषा म्हणावे. मराठी, कोकणी व गुजराती भाषांत 'बटाटा' म्हणतात. हिंदी प्रदेशात शिरताच तोच कंद 'आलू' होतो. पोर्तुगीज व्यापाराचा प्रभाव पश्चिम किनाऱ्यावर किती खोल होता, हे या रेषेवरून कळते. पाव, पगार, चावी, बादली, बिजागरी, घमेले, तुरुंग, लिलाव, फीत, पिंप, कोबी, अननस हे शब्द आज महाराष्ट्रातील कोणत्याही धर्माचा माणूस परके मानीत नाही. 'पाद्री' आणि 'नाताळ' हेही त्याच वाटेने मराठीत आले. गोव्यातील धर्मगुरू व भाषापंडित मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आशियाई भाषांतील अशा शब्दांचा विस्तृत कोश सिद्ध केला.

शब्द राहिले, परंतु पोर्तुगीज भाषा मात्र राहिली नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि राज्यकर्ते निघून गेले. मुंबई व वसईच्या परिसरात एके काळी बोलली जाणारी पोर्तुगीज-मिश्र बोली पुढे लोपली. तिची नोंद दालगादो यांनी १९०६ साली करून ठेवली म्हणून ती आपणांस ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यात चौलजवळील कोर्लई या गावी मात्र अशी मिश्र बोली तेथील ख्रिस्ती समाजाने आजतागायत जपली आहे. चहूबाजूंनी मराठी असताना मधेच टिकून राहिलेल्या अशा प्रदेशास भाषिक बेट म्हणतात.

येथे एक प्रश्न आपोआप उभा राहतो. राज्य गेले, राजभाषा गेली, तरी वसईची ख्रिस्तसभा का टिकली? आमच्या मते याचे एक मोठे कारण असे की, वाडीत राबणारा शेतकरी आणि समुद्रावर जाणारा कोळी यांनी धर्म स्वीकारला तरी आपली बोली सोडली नव्हती. श्रद्धा त्यांच्या घरच्या भाषेत उतरली होती, म्हणून ती किल्ल्याच्या तटबंदीवर अवलंबून नव्हती.

धर्माच्या सीमा, भाषेच्या सीमा

भूगोलतज्ज्ञ धर्मांचे स्थूलमानाने दोन गट करतात. जे धर्म सर्व मानवजातीस उद्देशून आहेत आणि कोणासही प्रवेश देतात ते सार्वत्रिक धर्म. ख्रिस्ती, इस्लाम व बौद्ध हे या गटात येतात. जे प्रामुख्याने विशिष्ट समाजाशी व भूमीशी निगडित आहेत ते समाजनिष्ठ धर्म. यहुदी, पारशी व हिंदू धर्मांचा उल्लेख या गटात होतो. ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची आहे. प्रत्यक्षात तिला अनेक अपवाद आहेत.

एका धर्माची एकच भाषा असते, असा समज आपल्याकडे वारंवार आढळतो. नकाशा तो खोटा ठरवितो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मराठी मातृभाषा असलेले सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी होती. ही संख्या लहान असली तरी तिच्यात मराठी, कोकणी, मल्याळम, तमिळ, हिंदी अशा अनेक भाषा बोलणारे लोक आहेत. कोकणातील बेने इस्रायल समाज धर्माने यहुदी आणि भाषेने मराठी. इस्रायलला स्थायिक झाल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

आपल्या वसईतच पाहा. सामवेदी अथवा कादोडी बोली सामवेदी ब्राह्मण बोलतात आणि कुपारी ख्रिस्ती बांधवही बोलतात. वाडवळी बोली हिंदू वाडवळांच्या घरी आहे तशी ख्रिस्ती वाडवळांच्याही घरी आहे. उपासनास्थळे वेगळी झाली, तरी पीक, नाते, ऋतू आणि दुःख यांचे शब्द एकच राहिले. बोली ही दोन धर्मांना जोडणारी जुनी पायवाट आहे. ती बुजली तर शेजाऱ्याकडे जाण्याची एक वाट बुजते.

रुजणे : संस्कृतीशी एकरूपता

बाहेरून आलेली गोष्ट दोन प्रकारे वागते. ती स्थानिक गोष्टीस पुसून टाकू पाहते, किंवा तिच्याशी नाते जोडते. आपल्या इतिहासात दोन्ही आढळतात.

१६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणीच्या वापरावर बंदी घालणारे फर्मान काढले. तरीही कोकणी जगली. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली. लोकांच्या घरात आणि प्रार्थनेत असलेली भाषा फर्मानाने मरत नाही.

दुसऱ्या वाटेचे थोर उदाहरण म्हणजे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी आत्मसात केली आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराण हा प्रकार आणि ओवी हा छंद त्यांनी येथूनच घेतला. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजण्यासही ते कचरले नाहीत. आशय पॅलेस्टाईनचा आणि छंद संतांचा, असा हा प्रेरणारूप प्रसाराचा उत्कृष्ट नमुना होय. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या प्रोटेस्टंट कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व कीर्तन यांचा ख्रिस्ती भक्तीसाठी असाच उपयोग केला.

ख्रिस्तसभेने या दृष्टीस अधिकृत मान्यता दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत झालेल्या उपासनाविषयक संविधानाने लोकभाषांना उपासनेत स्थान दिले आणि लॅटिनमधील मिस्साबलिदान मराठीत साजरे होऊ लागले. पेंटेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या भाषेत संदेश ऐकला, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. उपासनेतील मराठी ही त्याच घटनेची आपल्या अंगणातील प्रचिती होय. या वाटेवर लिहिते राहिलेले दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

आज आपल्यापुढील प्रश्न

सांस्कृतिक भूगोलात भाषापालट ही संकल्पना आहे. एखादा समाज पिढ्यांच्या ओघात आपली भाषा सोडून दुसरी स्वीकारतो, त्यास भाषापालट म्हणतात. तो बहुधा सक्तीने होत नाही. आजी बोलीत बोलते, आई प्रमाण मराठीत उत्तर देते आणि नातवंडे इंग्रजीत विचार करतात. तीन पिढ्यांत बोली घरातून निघून जाते आणि ती गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

वसईची परिस्थिती याला अनुकूल आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे आली आणि मुले इंग्रजी शाळांत जाऊ लागली. वाडी गेली की वाडीचे शब्दही जातात. पाणी लावण्याचे, पाने खुडण्याचे, सुकेळी करण्याचे शब्द पुस्तकात नसतात; ते कामाबरोबर जगतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, याचा आपणां सर्वांना आनंद आहे. परंतु बोलींना असा कोणताही दर्जा नाही. त्यांचे रक्षण घरातच व्हायचे आहे.

इंग्रजी शिकू नये, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. संत गोन्सालो गार्सिया जपानी शिकले आणि फादर स्टीफन्स मराठी शिकले. दुसरी भाषा शिकणे ही आपली परंपराच आहे. प्रश्न आहे तो पहिली भाषा गमावण्याचा. यासाठी धर्मग्रामांतून काही साधी कामे करता येतील. वडीलधाऱ्यांकडून लग्नगीते, म्हणी व शेतीचे शब्द ध्वनिमुद्रित करून घ्यावेत. घरातील सायंप्रार्थनेत एक तरी प्रार्थना मातृभाषेत असावी. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना गावाचा नकाशा काढावयास सांगून क्रूस, विहिरी व जुनी स्थळनामे नोंदवून घ्यावीत.

याच तत्त्वाची दुसरी बाजूही आहे. आपल्या धर्मग्रामांत नव्याने आलेल्या मल्याळी, तमिळ, कोकणी वा हिंदी भाषक बांधवांना त्यांच्या भाषेत प्रार्थना करावीशी वाटते, तेव्हा काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. जो न्याय आपण मराठीसाठी मागतो तोच त्यांच्याही भाषेला लागू आहे. आपणही एके काळी कोणाच्या तरी प्रवासामुळे या श्रद्धेचे वाटेकरी झालो. आलेल्याची भाषा ऐकून घ्यावी आणि आपली भाषा त्यास प्रेमाने शिकवावी, यातच धर्मग्रामाची शोभा आहे.